इथलं इथेच

४ मार्च, मंगळवार

ताई,

'प्रभूमध्ये सलाम' असं लिहिलं आणि खोडलं. अकरा वर्षांनी पत्र पाठवणाऱ्या भावाने प्रभूला मध्ये घालू नये, असं तू म्हणशील, ते आधीच ऐकू आलं.

पत्ता आत्याच्या मुलीकडून मिळाला. तिच्यावर रागावू नकोस. आईच्या पेटीतले तुझे कागद पाठवायचेत, अशी थाप मारून मी तो काढून घेतला. कागद खरंच आहेत, पाठवीन.

मी बरा आहे. वजन होतं तेवढंच. चर्च तेच, खुर्च्या नव्या. रविवारी दोनशेच्या आसपास लोक येतात. त्यातले निम्मे मान खाली घालतात ती प्रार्थनेसाठी की फोनसाठी, हे मी बघायचं सोडून दिलंय.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात पाळकांच्या सभेत मला निबंध वाचायचाय, विषय गुप्ततेचं वचन. सेमिनरीत नीतिशास्त्र तू शिकवायचीस, मी मागच्या बाकावर पेंगायचो, म्हणून तुलाच विचारतो. समज, एखाद्या पाळकाला कुणी विश्वासाने काही सांगितलं. सांगण्याआधी पाळकाने शब्द दिला. आणि जे कळलं त्यामुळे तिसऱ्याच माणसांच्या जिवाला अपाय होऊ शकतो. होईलच असं नाही, होऊ शकतो. पाळकाने काय करावं?

माझं मत, शब्द पाळावा. आज रस्त्यात कॅमेरा, दुकानात कॅमेरा, खिशात कॅमेरा. स्वतःची लाज घेऊन माणूस जाऊ शकेल अशी एकच खोली उरली आहे. तिचं दार एकदा किलकिलं झालं की संपलं. शिवाय देव शब्द मोडत नाही, मग त्याच्या नावाने बसलेल्याने का मोडावा?

सवडीने लिही. सवड लवकर काढलीस तर बरं.

तुझा,
ढब्बू

८ मार्च, शनिवार

ताई,

तुझं कार्ड मिळालं. 'निबंधासाठी माणूस अकरा वर्षांनी पत्र लिहीत नाही. खरं काय ते लिही.' अक्षर अजून तसंच, खडूने फळ्यावर लिहिल्यासारखं.

निबंध नाही. सभाही नाही.

गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट फिरत गायनमंडळाकडे गेलं, तेव्हा दुसऱ्या ओळीतल्या एका बाईने हात पुढे केला नाही. ताट तसंच पुढे गेलं. तिचं लग्न मीच लावलंय. ती सरकारी दवाखान्याच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. उपासना सुटल्यावर ती वेदीमागच्या माझ्या लहान खोलीत आली, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. मी दार लोटलं आणि नेहमीचं वाक्य बोललो. "बस. बोल मोकळेपणी. इथलं इथेच राहील."

आधी मी बोललो, ताई. ती नंतर.

फेब्रुवारीत एके दिवशी काविळीच्या तपासणीचं साहित्य संपलं. चौदा पिशव्या तपासायच्या राहिल्या आणि शस्त्रक्रियांची यादी तर समोर लागलेली. तिचा साहेब म्हणाला, "दाते सगळे धट्टेकट्टे आहेत. मार शिक्का, साहित्य आलं की मागून तपासू." तिने चौदा पिशव्यांवर 'निर्दोष' असा शिक्का मारला. दोन दिवसांनी साहित्य आलं, तोवर नऊ पिशव्या माणसांना चढवून झाल्या होत्या. मागून तपासायचं तर यंत्र निकालावर तारीख छापतं. तारीख दिसली की प्रश्न येणार. साहेब म्हणाला, "आता विषय काढू नकोस." उरलेल्या पाच पिशव्या तिने खराब झाल्या म्हणून बाजूला काढल्या. नऊंचं काय झालं, कुणाला ठाऊक नाही.

"देव क्षमा करील ना, पाळकसाहेब?"

मी म्हणालो, करील. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ती ढसाढसा रडली, तोंड धुतलं, हलकी होऊन गेली. तिचं ओझं माझ्या टेबलावर राहिलं, आणि त्याला हात कुठून घालावा ते मला कळेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

एक गोष्ट जाता जाता सांगून गेली. प्रत्येक पिशवीच्या रक्ताची एक लहान नळी जपून ठेवतात. त्या चौदा नळ्या अजून आहेत, आणि ठरलेल्या दिवशी जुन्या नळ्या जाळतात. या खेपेला तो दिवस आहे वीस तारीख.

लवकर लिही.

१२ मार्च, बुधवार

ताई,

दुसरं कार्ड काल आलं. 'शब्द तू त्या बाईला दिलास. त्या नऊजणांच्या वतीने खोलीत कोण बसलं होतं?'

खरं सांगतो, आधी राग आला. तुला सोपं आहे, तुझ्याकडे कुणी रडत येत नाही. मग मीच विचार केला, हिच्याकडे कुणी येत नाही ते कुणामुळे? असो.

परवा मी त्या बाईच्या घरी गेलो. सासू शिवणयंत्रावर बसली होती, दोन मुली जमिनीवर गणितं सोडवत होत्या. माझं तोंड बघूनच बाई काय ते समजली. "चला, खालपर्यंत सोडते," म्हणत जिन्यात घेऊन आली.

मी म्हणालो, "तू स्वतः सांग. वीस तारखेच्या आत. नळ्या तपासल्या तर कोणाला धोका आहे ते कळेल, उपचार होतील."

"आणि माझी नोकरी? घरात पगार माझा एकटीचा आहे."

"मी बोलेन तुझ्या बाजूने."

"तुम्ही काही बोलायचं नाही." आवाज इतका खाली की मला वाकावं लागलं. "तुम्ही शब्द दिलाय. देवाच्या घरात. क्षमा झाली म्हणालात ना? मग झालेली गोष्ट परत का उकरता?"

माझीच शिकवण तिने मला घडी घालून परत दिली.

"तुम्ही तोंड उघडलंत तर उद्या तुमच्यासमोर कुणी तोंड उघडेल का?" असं म्हणून ती वर गेली. तेच तर मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तिच्या तोंडून मात्र ते कातडी बचावणाऱ्याचं वाक्य वाटलं.

आज बुधवार, माझी दवाखान्याची फेरी. पुरुषांच्या विभागात खिडकीजवळ एक सुतार आहे. परांचीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं, रक्त फार गेलं. आपल्या चर्चचा नाही, कुठल्याच चर्चचा नाही, पण मला बघून हसतो. पायाशी त्याच्या कागदांची पाटी टांगलेली. कधी नव्हे ते मी ती उचलून वाचली. रक्ताच्या पिशवीचा क्रमांक ६१७. बाईने सांगितलेल्या पिशव्या ६११ ते ६२४.

"काय वाचताय पाळकसाहेब? मरत नाही ना मी?"

"नाही रे. अक्षर लागतंय का बघत होतो."

"डॉक्टरांचं अक्षर देवालाच लागतं, तुम्हाला लागायला हवं." मग गंभीर होऊन म्हणाला, "एक सांगू? कुणा अनोळखी माणसाचं रक्त माझ्या अंगात फिरतंय. आता रस्त्यात कुणाशी भांडायची सोय राहिली नाही. काय सांगावं, त्याचंच असायचं!"

शेजारचे खाटेवाले हसले. मीही हसलो, ताई. उद्या त्याला घरी सोडणार आहेत. बायकोला सातवा महिना आहे, ती उशाशी बसून त्याची नखं कापत होती.

मी प्रार्थना करून बाहेर आलो आणि थेट घरी येऊन हे लिहायला बसलो.

१६ मार्च, रविवार

ताई,

सुताराला गुरुवारी घरी सोडलं. मी काही बोललो नाही.

आज उपासनेत संदेश देताना ती बाई समोर होती, गायनमंडळात. गाताना तिचा आवाज नेहमीसारखाच लागला. माझा लागला नाही. वाक्य अर्ध्यात विसरलो, लोकांना वाटलं घसा बसलाय.

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. तुझ्या कालच्या कार्डावर एवढंच होतं, 'शब्द पाळणं चांगलं. पण तू शब्दाची मूर्ती केली आहेस, आणि मूर्तीला माणसांचे बळी लागतात.' ते वाचल्यावर आणखी थांबणं शक्य नाही.

अकरा वर्षांपूर्वीच्या सेमिनरीतल्या चौकशीचं सांगतो.

तू म्हणत होतीस की प्राचार्यांचं ते गाजलेलं पुस्तक त्या चष्मेवाल्या विद्यार्थ्याच्या प्रबंधावरून उचललंय. चौकशी समितीत पाचजण होते, त्यातला एक मी. पुरावा नव्हता, प्रबंधाची प्रत ग्रंथालयातून नाहीशी झाली होती. समितीने तुलाच निंदक ठरवलं. तुझी जागा गेली. तो मुलगा सेवाकार्य सोडून निघून गेला. नंतर तू मला विचारलंस, "तुला काही माहीत होतं का?" आणि मी म्हणालो, "नाही, ताई."

माहीत होतं. चौकशीच्या आदल्या आठवड्यात प्राचार्य माझ्याकडे आले होते, वेदीमागच्या याच खोलीत. मी तेव्हा इथे साहाय्यक पाळक होतो. मी तेच वाक्य बोललो होतो. त्यांनी सगळं सांगितलं. प्रत कुठे जाळली तेसुद्धा. माझ्याबरोबर गुडघे टेकले. चौकशीच्या दिवशी ते माझ्याकडे शांतपणे बघत होते, आणि मी टेबलावरची टाचणी फिरवत होतो.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी पवित्र वचन पाळलं, बहिणीपेक्षा देव मोठा मानला. ऐकायला किती छान. पण त्याच महिन्यात या चर्चचा मुख्य पाळक निवडायचा होता, आणि शिफारस प्राचार्यांची लागत होती. ती मिळाली. वचन मोडलं असतं तर मिळाली नसती. यातलं किती देवासाठी होतं आणि किती या खुर्चीसाठी, हे मी वेगळं करून बघितलंच नाही, कारण बघितलं असतं तर दिसलं असतं.

क्षमा कर असं लिहिणार नाही. तो शब्द मी या महिन्यात फार सैल वापरलाय.

पुढचं पत्र फोडलं नाहीस तरी मी लिहीन.

१९ मार्च, बुधवार

ताई,

काल संध्याकाळी रक्तपेढीच्या दाराशी मी बाईची वाट बघत थांबलो. ती हातमोजे काढतच बाहेर आली. मी आडवळण घेतलं नाही.

"उद्या सकाळी नऊ वाजता मी अधीक्षकांकडे जाणार आहे. तू आधी गेलीस तर मी मागे उभा राहीन. बरोबर आलीस तर बरोबर. नाही आलीस तर एकटा जाईन."

"शब्द मोडणार?"

"हो."

"मग त्या दिवशी क्षमा कशाला दिलीत?"

"घाई केली मी. तू रडत होतीस, ते मला बघवेना. तुला शांत केलं की माझं काम झालं असं वाटलं. त्या नऊ माणसांचा विचार मला करायचा होता, तो मी केला नाही. देव तुझा आहे तसा त्यांचाही आहे."

"त्या वेळी कुठे गेला होता हा देव? माझं सगळं काढून घेतल्यावर आठवला?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही चोर आहात, पाळकसाहेब. मी तुमच्याकडे ठेवायला दिलं होतं."

आज सकाळी ती आली नाही. नऊ वाजून दहा मिनिटं होईपर्यंत मी बाकावर बसलो, मग आत गेलो.

अधीक्षक बाई साठीच्या, चष्मा साखळीला. अर्धं ऐकून म्हणाल्या, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ज्यांनी सांगितलं त्यांचं नाव आत्ता विचारू नका. आधी नळ्या थांबवा. ६११ ते ६२४. उद्या जाळायच्या यादीत आहेत."

"पाळकसाहेब, आरोप लहान नाही हा. खोटा निघाला तर?"

"तर मला पोलिसांत द्या. पण नळ्या थांबवा."

त्यांनी फोन उचलला. पलीकडून रक्तपेढीचा साहेब बोलत होता, मला बसल्या जागी ऐकू येत होतं. असं काही झालेलंच नाही, सगळं नोंदलंय, कोण तो पाद्री. अधीक्षक बाईंनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ठीक. मग नळ्या घेऊन वर या. आत्ता. माझ्यासमोर तपासू."

दुपारी निकाल आला. तेरा स्वच्छ. एक नळी दोषी.

६१७.

२ एप्रिल, बुधवार

ताई,

तुझ्याकडून काही नाही. बरोबर आहे.

बाई आणि तिचा साहेब, दोघांना कामावरून थांबवलंय. नाव मी घेतलं नाही, पण साहेबाने पहिल्या तासातच तिच्याकडे बोट दाखवलं. चर्चमध्ये दोन तट पडले. एक तट म्हणतो पाळकाने जीव वाचवले. दुसरा म्हणतो, आता या माणसाला 'कसे आहात' विचारलं तरी 'बरे आहोत' म्हणावं आणि निघावं. दुसऱ्या तटाचं मला जास्त पटतं. वडीलमंडळींनी माझी चौकशी लावली आहे, तोवर संदेश द्यायचा नाही.

मी सेमिनरीच्या मंडळाला लेखी निवेदन पाठवलं. प्राचार्यांचं, माझं, तारखांसकट. प्राचार्य निवृत्त आहेत, त्यांना आधी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

आज सुतार आला होता. कुबड्यांवर, एवढा जिना चढून. डोळे हळदीसारखे पिवळे. बस म्हटलं तर बसला नाही.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं सगळं. तुम्हीच उघडकीला आणलंत म्हणे."

"हो."

"त्या बुधवारी तुम्ही माझी पाटी वाचत होतात. तेव्हा माहीत होतं?"

खोटं बोलायला एक क्षण पुरतो. तो आला आणि गेला.

"हो. माहीत होतं."

"आणि मी विनोद केला, तर हसलात."

"हो."

"दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो. तिच्याशेजारी झोपलो. सात दिवस." कुबडीवरची बोटं पांढरी पडली होती. "तिची तपासणी केली, तिला लागण नाही. लस दिलीय. बाळ जन्मल्या जन्मल्या त्यालाही टोचणार आहेत. पण ते सात दिवस तुमचे आहेत, पाळकसाहेब. तुमच्या देवाचे नाहीत. तुमचे."

मी प्रार्थना करू का, असं विचारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आत्ता प्रार्थना म्हणजे पळवाट होईल. जिना उतरायला मदत करू का विचारलं. त्याने मानेनेच नको म्हटलं. मी वरच्या पायरीवर उभा राहून शेवटपर्यंत त्याच्या कुबड्यांचा आवाज ऐकला.

२७ जून, शुक्रवार

ताई,

सेमिनरीच्या कारकुनाने सांगितलं की मंडळाचं माफीचं पत्र तुला पोचलं, आणि तू त्यावर एकच मागणी पाठवलीस, पुस्तकावर त्या मुलाचं नाव छापा. स्वतःसाठी काहीच नाही. मला हे कारकुनाकडून कळावं, हेही रास्तच.

माझी चौकशी गेल्या शनिवारी झाली. वडीलमंडळींपैकी एकाने विचारलं, "पुन्हा असा प्रसंग आला तर?" मी म्हणालो, "पुन्हा 'इथलं इथेच राहील' असं आधी बोलणार नाही. आधी ऐकेन. जे माझ्यापुरतं ठेवता येईल ते जिवापाड ठेवीन. दुसऱ्याच्या जिवाचं असेल, तर सांगणाऱ्याचा हात धरून त्या दुसऱ्याकडे जाईन. पहिल्याच दिवशी."

"आणि तो यायला तयार नसला तर?"

"तर एकटा जाईन, आणि शब्द मोडला म्हणून तुमच्यासमोर असाच उभा राहीन. तो दोष माझाच. तो नाहीसा होत नाही."

मग त्यांनी बाईला बोलावलं. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. ती माझ्याकडे न बघता बोलली. "यांनी माझा विश्वास मोडला. ते मी विसरणार नाही. पण यांना काढा असं म्हणायला मी आले नाही. ज्यांना पिशव्या गेल्या त्यांच्या घरी मी जाते आहे. तोंडाने सांगते, शिक्का मी मारला होता. आठ घरं झाली. एकाने चहा दिला, एकाने पाण्याची बादली ओतली. नववं राहिलंय." आणि खाली बसली.

मला सहा महिने वेदीपासून दूर ठेवलंय. खुर्ची राहील की नाही, नंतर ठरेल. बाईला नोकरी परत मिळालेली नाही. सासूबरोबर शिवणाचं काम घेते.

काल दुपारी तिचा फोन आला. मार्चनंतर पहिल्यांदाच. "नवव्या घरी एकटीने जाववत नाही. तिथे तुमचंही काम बाकी आहे." एवढं बोलून ठेवला.

तिसरा मजला. आज सकाळी आम्ही जिना चढलो, ती पुढे, मी मागे. दारावर रंधा मारलेल्या लाकडाची नवी पट्टी, आतून लहान मूल किंचाळत होतं. बाईने बेल दाबली आणि हात मागे घेतला.

सुताराने दार उघडलं. डोळे आता पांढरे, काखेत एकच कुबडी, खांद्यावर तीन आठवड्यांची मुलगी. त्याने आधी मला पाहिलं, मग बाईला. बाई म्हणाली, "६१७वर शिक्का मी मारला होता."

मुलगी रडायची थांबली. आतून बायकोने विचारलं, "कोण आहे हो?" त्याची नजर बाईवरून हलली नाही. मी म्हणालो, "आम्ही जातो. एवढंच सांगायला आलो होतो." खरंच वळलो होतो, ताई.

"थांबा," तो म्हणाला. मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, कुबडी भिंतीला टेकवली आणि दारातून बाजूला सरकला.

"चपला बाहेर काढा. आणि आधी हात धुवा दोघं. साबणाने."